प्रॉडक्शन लाईन पहिल्यांदा हाती आली असेल तर

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नव्याने सुपरवायझर झाला असाल, तर आधी शिफ्ट बदलतानाची १० मिनिटं धरा. जाणारा आणि येणारा ऑपरेटर मशीनपाशीच बोलू देत: कोणतं टूल घासलंय, कोणतं माप सरकतंय, किती नग रिवर्कला (पुन्हा दुरुस्तीला) आहेत. वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी राहिलं की सकाळी रिजेक्शन (बाद नग) निघतं, दोन्ही शिफ्ट एकमेकांवर ढकलतात आणि टीम तिथेच फुटते. खराब नग स्वतःहून दाखवणाऱ्यावर तर अजिबात ओरडू नका. पुढचा नग लपवला जाईल आणि थेट ग्राहकाकडे सापडेल.

प्रत्येक मशीन चालवायला किमान तिघं तयार हवेत. द्राक्षकाढणी, लग्नसराईत रजा येणारच. शिकवणी मात्र मागणी कमी असते त्या आठवड्यांतच उरका.