जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ सोबत लिनक्स मिंट टाकतोय. डीव्हीडी तीनदा बर्न केली, तरी इन्स्टॉलेशन मध्येच थांबतं. डिस्क खराब की ड्राइव्ह?

डाउनलोड केलेली फाइलच खराब असेल, हे तुम्ही धरलेलंच नाही. तीन डीव्हीडी घालवल्या म्हणता, पण चेकसम (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जरा जरी बदलली तरी तोही बदलतो) जुळवल्याचा प्रश्नात उल्लेख नाही. मी सात सीडी घालवल्यात, म्हणून ठासून सांगतोय.

२००८ साल. उबुंटू ८.०४, म्हणजे मिंटसारखीच लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम, नुकतं आलेलं, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, घर मिरजेत. नेट २५६ केबीपीएस, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट. ७०० एमबीच्या आसपासची आयएसओ (अख्ख्या सीडीची एकच फाइल) त्या वेगाने उतरायला सहा तासांहून जरा जास्तच लागतात, म्हणजे एका रात्रीत काम होणं नाही. त्यात पहाटेचं लोडशेडिंग. दोन रात्री रिझ्यूम करत करत ती एकदाची उतरली. साइज बरोबर दिसली, मग शंका कोण घेतो?

सीडी बूट झाली, डेस्कटॉपही आला. इन्स्टॉल करायला घेतलं की अर्ध्यात एरर नंबर ५, इनपुट-आउटपुट. खाली सल्ल्यांची यादी: सीडी पुसा, कमी स्पीडला बर्न करा, ड्राइव्हची लेन्स साफ करा, हार्ड डिस्क जुनी झाली असेल, कॉम्प्युटर थंड जागी हलवा. घरात ज्याने त्याने आपल्याला पटेल ते उचललं. बाबांनी सीपीयूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. आईने चष्म्याच्या फडक्याने सीडी पुसली. आणि आमचा आत्तेभाऊ, म्हणजे दादा, ज्याचा हार्डवेअरचा कोर्स झाला होता, तो म्हणाला, "४एक्सला बर्न कर. मी सांगतोय ना." माझा रायटर ८एक्सच्या खाली जातच नव्हता. मग ८एक्स. दहा-दहा मिनिटं श्वास रोखून बसायचं.

दर वेळी बर्निंग सॉफ्टवेअर व्हेरिफाय करून सगळं ठीक म्हणायचं, आणि मी इथेच फसलो. व्हेरिफाय डिस्क ताडून बघतं ती तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फाइलशी. फाइलच नासलेली असेल, तर नासकी फाइल जशीच्या तशी उतरली एवढंच ते सांगतं.

सहा सीड्यांनंतर दादाचा निकाल: ड्राइव्ह गेला. नवा डीव्हीडी रायटर आला, पैसे बाबांचे. जुना 'तसाही भंगारच' म्हणून दादा घेऊन गेला. सातवी सीडी नव्या रायटरवर केली. तीच एरर, त्याच टक्क्याला.

शेवटी वर्गातल्या एकाने विचारलं, "एमडी५ जुळवलास का?" एमडी५ हा चेकसमचाच एक प्रकार. जुळवला. जुळला नाही. त्यानेच त्या आयएसओचं टोरेंट लावून माझी जुनी फाइल त्या टोरेंटला दाखवली. टोरेंट तुकडा-तुकडा तपासतं, त्यामुळे फक्त बिघडलेले तुकडे परत उतरले, अर्ध्या तासाच्या आत. आठवी सीडी मुद्दाम फुल स्पीडला बर्न केली. एका दमात इन्स्टॉल.

दादा आजही म्हणतो, नवा ड्राइव्ह घेतला म्हणून झालं. तो 'गेलेला' ड्राइव्ह पुढे चार वर्षं त्याच्याच मशीनमध्ये चालला, ते मात्र बोलत नाही.

तर आधी मिंटच्या साइटवरचा एसएचए२५६ चेकसम घ्या आणि विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या कमांडने तुमच्या फाइलचा काढून ताडा. तिन्ही डिस्क एकाच ठिकाणी अडत असतील तर माझा संशय फाइलवरच. दर वेळी वेगळीकडे अडत असतील तर ड्राइव्ह, नाहीतर रॅम. फाइल जुळली तर बूट मेनूत मीडियम, म्हणजे डिस्क, तपासायचा पर्याय आहे, तो चालवा, आणि तीच डिस्क दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावून बघा. पेन ड्राइव्हवरून बूट होत असेल तर डीव्हीडीच्या नादी लागूच नका.

हो, स्पीडचं अगदीच खोटं नाही. स्वस्तातली डिस्क आणि थकलेली लेन्स असेल तर मधला स्पीड बरा पडतो. पण ते फाइल जुळल्यानंतर. आणि फाइल कॉपी होताना अडलं असेल तर विंडोज बहुतेक शाबूत असेल, कारण ग्रब, म्हणजे चालू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणारा प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी बसतो. तरी बॅकअप घ्याच. पार्टिशन (हार्ड डिस्कचा भाग) रिसाइझ होत असताना पॉवर बटण दाबू नका.

चेकसम जुळला नाही तर इथे स्क्रीनशॉट टाका. मला तो दादाला पाठवायचाय.