फवारलं तरी कोळी परत का येतो?

प्रश्न : हॉलमधल्या अरेका पामची पानं मार्चपासून फिकट, धुरकट दिसताहेत. पानांमागे बारीक जाळी आहे. पाणी वाढवलं, कडुनिंबाचं तेलही एकदा फवारलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. काय चुकतंय?

उत्तर : हा लाल कोळीच दिसतो, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. खात्रीसाठी पानाखाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारा. मिरपुडीएवढे ठिपके चालू लागले, तर तोच.

तेल योग्यच होतं, पण एकदाच फवारलं. त्यातून बरीच अंडी वाचतात आणि उन्हाळ्यात अंड्याचा पूर्ण कोळी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून दर पाच दिवसांनी, निदान चार वेळा फवारा. दुसऱ्या फवारणीनंतर झाड टवटवीत दिसतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. कृपया थांबू नका.

पहिल्या फवारणीआधी झाड धुवा. मातीवर प्लास्टिक बांधून कुंडी बाथरूममध्ये न्या आणि हँडशॉवरने पानांची खालची बाजू जोरात धुवा. बरेच कोळी इथेच जातात. खूप जाळी धरलेल्या फांद्या कापून पिशवीत बंद करून टाका.

पाणी निथळल्यावर 5 मिली कडुनिंबाच्या तेलात 2 मिली सौम्य लिक्विड सोप घोटा, मग ढवळत 1 लिटर कोमट पाणी ओता. बोअरचं जड पाणी नको: साबण फाटतो, तेल वर तरंगतं आणि जिथे नुसतं तेल बसतं तिथे पान करपतं. कपड्यांची पावडरही नको. आधी एका पानावर फवारून दोन दिवस पाहा. संध्याकाळी, पानाच्या पाठीवरून थेंब गळेपर्यंत फवारा. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

जास्त पाणी मात्र लगेच बंद करा. कोळ्याला कोरडी, गरम हवा मानवते. माती ओली ठेवून हवा दमट होत नाही, मुळं कुजतात. कुंडी एसीच्या झोतातून हलवा, इतर झाडांपासून दूर ठेवा. फिकट झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, नव्या पानांकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : खिडकीतल्या तुळशीवरही तोच आहे. पानं चहात घालतो.

उत्तर : मग तेल नको, चव आणि वास दोन्ही बिघडतात. शेंडे खुडा आणि दोन आठवडे एक दिवसाआड सकाळी पानांच्या पाठी पाण्याच्या धारेने धुवा.