एआयमुळे डिप्लोमसी आणि सरकारी कारभार खरंच बदलतोय का?

हो, बदलतोय, पण राजदूताच्या जागी मशीन बसलंय असं नाही. भाषांतर, लांबलचक मसुद्यांचा सारांश, जुने करार शोधणं ही कामं झटपट होतात. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने २०२४ मध्ये एआयने बनवलेली प्रवक्ती आणली, पण ती बोलते ते माणसंच लिहितात, आणि मला तेच बरोबर वाटतं. खरी काळजी कारभाराची आहे. नेदरलँड्समध्ये टॅक्स खात्याने अल्गोरिदम (आपोआप छाननी करणारा संगणक प्रोग्राम) वापरून पाळणाघराच्या अनुदानात फ्रॉड शोधायला घेतला, त्यात हजारो निर्दोष पालक, विशेषतः परदेशी मूळ असलेले, अडकले, कुटुंबं कर्जात बुडाली आणि २०२१ मध्ये सरकारलाच राजीनामा द्यावा लागला. मशीनने एखाद्याचं नाव संशयित म्हणून पुढे केलं तरी निर्णयाला जबाबदार कोण आणि दाद कुठे मागायची हे आधी ठरायलाच हवं.