मदरशातलं शिबिर उठल्यावर

प्रश्न : इंदुरात खजराना भागातल्या एका निवासी मदरशात आमचं मंडळ दरवर्षी आरोग्य शिबिर घेतं. 8 ते 16 वयाचे साठेक मुलगे आहेत. औषधं वाटतो, पण पुढच्या वर्षी तीच खरूज, तेच फिकट चेहरे. चुकतं कुठे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : शिबिर उठलं की त्या कामाला मदरशात कुणी वाली उरत नाही, घोडं तिथेच अडतं. मोहतमीम साहेबांशी, म्हणजे मदरशाच्या प्रमुखांशी, बोलून मुलांसोबत राहणारे एक उस्ताद मागून घ्या आणि नोंदवही त्यांच्याच हाती द्या. डॉक्टर बदलले तरी चालेल, हे उस्ताद बदलायला नकोत.

खरूज परत येते, कारण खाजणाऱ्यांनाच मलम मिळतं. शेजारच्या गादीवरच्या मुलाला लागण होऊनही पहिल्यांदा चार-सहा आठवडे खाज सुटत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने साठही मुलांना, उस्ताद आणि स्वयंपाक्यासह, एकाच रात्री 5 टक्के पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम लावा. मोठ्या मुलाला साधारण 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते. मानेपासून तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. ते 8 ते 14 तास अंगावर राहायला हवं. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर लावलं तर हिवाळ्यात पहाटेच्या फज्रच्या नमाजपर्यंत वेळ पुरतो. उन्हाळ्यात रात्र अपुरी पडते. वजूत, म्हणजे नमाजआधीच्या धुण्यात, हातपाय धुतले गेले, तर तिथे पुन्हा लावायचं. सकाळी कपडे-चादरी गरम पाण्यात. गाद्या-रजया धुता येत नाहीत, त्या चार दिवस प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. आठवड्याने दुसरा हात. वजूखान्यातला सामायिक टॉवेल मात्र कायमचा काढा. खाज नंतरही दोन-चार आठवडे राहते; हे आधी सांगितलं नाही, तर ‘औषध फुकट गेलं’ अशी बोंब होते.

फिकटपणासाठी आधी हिमोग्लोबिन तपासा. 12 ते 14 वयात 12 ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय, त्याचा डोस डॉक्टर ठरवतील. बाकीच्यांना आठवड्याला एक लोहगोळी : 10 वर्षांपुढे निळी, 60 मिलिग्रॅम लोहाची, त्याखाली गुलाबी, 45 ची. शुक्रवारी सुट्टी, म्हणून सोमवार धरा. दुपारच्या जेवणानंतर, उस्तादांसमोर गिळायची. हातात दिलेली गोळी खिशातच राहते. वर लगेच चहा नको. शौच काळी होते, हेही आधीच सांगा. रमजानमध्ये कुणी मदरशात असेल तर गोळी रात्रीच्या जेवणानंतर.

तारखांची गोम वेगळीच. मुलांना जंतांची गोळी द्यायचा सरकारी जंतनाशक दिन 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला असतो. पुष्कळ मदरशांची वार्षिक सुट्टी रमजानआधीच्या शाबान महिन्याच्या उत्तरार्धात लागते आणि ती दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. 2026 मध्ये ती फेब्रुवारीतच आली. अशा वर्षी अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम चावून खायची गोळी रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात मुलं परतल्यावर द्यायची, तेही आरोग्य विभागाशी आधीच ठरवून.

नजरही तपासा, 6 मीटरवरच्या तक्त्यावर. हिफ्जचा, म्हणजे कुराण पाठ करणारा मुलगा दिवसभर रेहलीवरचं (कुराण ठेवायच्या लाकडी घडवंचीवरचं) जवळचं वाचतो, फळा क्वचितच. लांबचं दिसत नाही हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुख्यतः सरकारी-अनुदानित शाळांत जातं. तुमचा मदरसा त्यांच्या वार्षिक यादीत आहे का, ते सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयात विचारा. नसेल तर मोहतमिमांच्या सहीचा अर्ज द्या, सोबत वयवार पटसंख्या आणि सुट्ट्यांच्या तारखा.