केमिस्ट्रीवाली मुलगी आणि यकृताची साखर

प्रश्न: मी कोल्हापुरात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात एसआय-आरएनएबद्दल ऐकलं, रोगाचं जनुक गप्प करणारं औषध. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मैत्रिणी म्हणतात, त्यासाठी बायोटेक घ्यायला हवं होतं. पप्पा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत; ते म्हणतात, एमआयडीसीत क्यूसीची (मालाची गुणवत्ता तपासण्याची) नोकरी बघ. माझं चुकलं का? (नाव छापू नये.)

उत्तर: अजिबात नाही. मैत्रिणींनी अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसते.

दोनपदरी आरएनए दिला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका बारीकशा कृमीत दाखवलं. २००६ साली त्यांना नोबेल मिळालं. पण या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत मंजूर झालं ते २०१८ साली. मधली वीस वर्षं बरीचशी एकाच प्रश्नात गेली: हा रेणू पेशीच्या आत न्यायचा कसा?

एसआय-आरएनए म्हणजे असाच आखूड दोनपदरी आरएनए. रेणूच तसा अडेल आहे. लांबी जेमतेम २१ ते २३ अक्षरं, पण वजन अ‍ॅस्पिरिनच्या सत्तरेक पट आणि अंगावर चाळीसेक ऋण भार. पेशीचं आवरण स्निग्ध. ते त्याला उभंच करत नाही. रक्तातली विकरं तुकडे करतात, उरलेलं मूत्रपिंड गाळून टाकतं. समजा पेशीने गिळलाच, तर तो एका पिशवीत अडकतो आणि पिशवीसकट पचून जातो. त्यातून निसटणारा वाटा फार थोडा, साधारण शंभरात एक-दोन. तेवढ्यावरही काम भागतं, कारण आत पोचलेल्या आरएनएचा एक पदर जनुकाचे निरोप एकामागून एक फाडू शकतो. जनुक पुसलं जात नाही, त्याने पाठवलेला एमआरएनए तेवढा कापला जातो.

आता बघ, यातला कोणता अडथळा बायोटेकवाल्याने एकट्याने सोडवला असता? पॅटिसिरानसाठी चरबीचे नॅनोकण बनवले. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पितेस ना, त्यातही चरबीचे थेंबच तरंगत असतात. हे कण त्यांच्याहून कितीतरी लहान, शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरचे. त्यातला मुख्य लिपिड रक्ताच्या पीएचला जवळपास उदासीन असतो आणि पिशवीतल्या आम्लात धनभारित होतो. मग पिशवी फुटते, माल बाहेर. पीकेए, म्हणजे साधारण कोणत्या पीएचला हा भार चढतो तो आकडा, कितीचा ठेवायचा यावर सगळा खेळ. पीकेए तू दुसऱ्या वर्षाला घोकलास तोच. पुढे कोविडच्या एमआरएनए लशी अशाच कणांतून आल्या. पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीलाही २०२२ साली आपत्कालीन परवानगी मिळाली.

दुसरी वाट तर पप्पांना वाचून दाखव. तिथे चरबीचं वेष्टनच नाही, रेणूला साखर जोडतात. गॅलनॅक नावाची, तीन फांद्यांवर बसवलेली. यकृताच्या पेशींवर ती ओळखणारा ग्राहक-रेणू असतो. साखर दिसली की तो सगळंच आत ओढून घेतो. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान असंच आत शिरतं. सुरुवातीचे दोन डोस झाले की सहा महिन्यांतून एक इंजेक्शन पुरतं. इतका टिकाऊपणा यावा म्हणून आरएनएच्या कण्यात केलेले बदलही ऑरगॅनिक केमिस्टांचेच.

यकृत सोडून मेंदू, स्नायू, फुप्फुसं? तिथे माल नीट पोचवणं अजून जमलेलं नाही. तुझ्या पिढीला काम तिथे आहे.

तेव्हा एम.एस्सी. ऑरगॅनिकलाच जा. शिवाजी विद्यापीठ चांगलंच आहे, पण जॅमची, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांत एम.एस्सी.च्या प्रवेशाची, परीक्षाही दे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज कर. विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागात आणि इथल्या एखाद्या फार्मसी कॉलेजात, फार्मास्युटिक्सच्या सरांना भेटून, कणांचा आकार आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) मोजताना बघू द्याल का, असं विचार. नाही म्हणाले तर दुसरं दार. पेशीजीवशास्त्र मात्र शिकावंच लागेल, त्यात सूट नाही. ‘सहा महिन्यांत जीन थेरपी डिप्लोमा’वाल्या जाहिरातींना पैसे देऊ नकोस.

पप्पांची काळजी खोटी नाही. या कामाला पीएच.डी. लागते, म्हणजे एम.एस्सी.नंतर पाचेक वर्षं. पण नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप असते, घरभाडं वेगळं. घरावर ओझं पडत नाही. जेआरएफ नाही मिळाली तर एम.एस्सी.वर क्यूसीची नोकरी आहेच, ती कुठे पळून जात नाही. हा हिशेब पप्पांसमोर कागदावर मांड. कारखान्याच्या लॅबमधला माणूस आकड्यांना नाही म्हणत नाही. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात, त्याआधीच बोल.