रात्री मॅनेजरचा मेसेज आला तर

रात्री नऊला मॅनेजरचा मेसेज आला की तू जेवण टाकून लॅपटॉप उघडतेस, हे वाचून जीव कळवळला. अगं, मेलबर्नमध्ये पहिलं वर्ष मीही असंच काढलं. एका हातात फोन, गॅसवर फोडणी; मोहरी करपली तरी उत्तर पाठवून मोकळी. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाली, "सकाळी बघितलं असतंस तरी चाललं असतं."

आता तर कायदाच आहे. २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरचे फोन-मेसेज न बघण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क इथे ऑस्ट्रेलियात मिळाला. १५ पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपन्यांनाही तो ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. नकार अवाजवी मात्र नको. काम किती तातडीचं, तुझी जबाबदारी किती, जादा वेळेचे पैसे मिळतात का, घरी लहान मूल आहे का, सगळं बघितलं जातं.

पण सुरुवातच कायद्याने करू नकोस. कॉफीला बोलाव, नावानेच हाक मार (इथे सर-मॅडम कोणी म्हणत नाही) आणि सरळ विचार, "रात्रीच्या मेसेजचं उत्तर सकाळी दिलं तर चालेल ना? तातडीचं असेल तर फोन कर." बहुतेकजण आपल्या सोयीने टाइप करून ठेवतात, लगेच उत्तराची अपेक्षा नसते. बोलूनही नाहीच सुटलं, तर फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीतले वाद सोडवणारी इथली सरकारी संस्था) जाता येतं. व्हिसा कंपनीचा असला तरी हा हक्क तुझाच आहे.