वाचक विचारतात : गोठलेल्या जमिनीवरचा पाया

प्रश्न : काळ्या मातीत पावसाळ्यात पाया उचलतो, उन्हाळ्यात बसतो आणि भिंतींना तिरके तडे जातात. सायबेरिया-अलास्कातही जमीन वितळून इमारती खचतात म्हणे. तिथे पाया कसा घेतात? आपल्या उपायांशी त्याचं काही नातं आहे का?
— बांधकाम ठेकेदार, परभणी

उत्तर : नातं आहे, दोन्हीकडे खेळ पाण्याचाच. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यावरचा पातळ थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालच्या गोठलेल्या गाळमातीत जागोजागी शुद्ध बर्फाचे जाड पट्टे असतात. ते वितळले की तेवढी जागा मोकळी होते आणि जमीन खाली बसते. काळी माती पुढच्या पावसात फुगून वर तरी येते, ही जमीन एकदा बसली की बसली. खड्ड्यात पाणी साचतं, ते ऊन शोषतं आणि शेजारचा बर्फही वितळवतं.

घर आतून तापवलेलं असतं, म्हणून त्याची ऊब जमिनीत उतरू न देणं हा पहिला नियम. आधी बोअर मारून मातीत बर्फ किती हे तपासतात. मग खांबापेक्षा थोडं मोठं भोक पाडून खांब उभा करतात आणि भोवती वाळू-पाण्याचा रबडा ओततात. तो गोठला की खांब पकडला जातो. गोठण्याआधी वजन टाकायचं नाही, इथे घाई केली की काम फसतं. घराखाली साधारण मीटरभर मोकळी जागा ठेवतात, म्हणजे हिवाळ्यातलं गार वारं जमिनीवरून फिरतं. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीत पुरत नाहीत, वरूनच इन्सुलेशनच्या पेटीतून नेतात.

बिघडतं ते बहुधा घरमालकाच्या हातून. खालची मोकळी जागा पत्रे लावून बंद केली, सामान कोंबलं किंवा तिथे बर्फ साचू दिला की झालं. साचलेला भुसभुशीत बर्फ गोधडीचं काम करतो आणि थंडी जमिनीपर्यंत पोचत नाही. गळका गरम नळ तर सगळ्यात वाईट.

जिथे एवढ्याने भागत नाही तिथे थर्मोसायफन बसवतात. ही बंद तोंडाची पोलादी नळी असते, आत दाबाखाली अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात नळीच्या तळातला द्रव जमिनीची उष्णता घेऊन उकळतो. वाफ वर जाऊन पंख्यांसारख्या पात्यांत थंड होते आणि पुन्हा द्रव होऊन खाली उतरते. उन्हाळ्यात वरचं टोक जास्त गरम असल्याने हे चक्र आपोआप थांबतं. वीज लागत नाही. अलास्काच्या तेलवाहिनीच्या खांबांत अशा एक लाखाहून जास्त नळ्या आहेत.

आता आपल्याकडचं. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला रुंद केलेला काँक्रीटचा खांब, काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटर खाली नेतो आणि तिथे फुगा देतो, कारण त्या खोलीवर ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. हलता थर ओलांडून स्थिर थर पकडायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. तिकडची खरी अडचण अशी की तो स्थिर थरच आता स्थिर राहिलेला नाही. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. आणि जमीन वितळेपर्यंत थांबावंही लागत नाही. ती उणे पाचवरून उणे एकवर आली तरी खांबाची पकड बरीच ढिली होते. जुने खांब थंड जमिनीचा हिशोब धरून रोवलेले आहेत, आज तेच अपुरे पडतात.

प्रश्न : नॉर्वेच्या बियाणे तिजोरीत पाणी शिरलं होतं ते खरं का? बी खराब झालं का?
— बियाणे विक्रेते, जालना

उत्तर : पाणी शिरलं, बी वाचलं. जगभरच्या बियाण्यांचे राखीव नमुने ठेवणारी स्वालबार्ड बेटांवरची ही तिजोरी २००८ साली डोंगराच्या पोटात उघडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये, बर्फ पडायच्या दिवसांत, जोराचा पाऊस झाला आणि पाणी प्रवेशाच्या बोगद्यात येऊन गोठलं. बियाण्याच्या दालनांपर्यंत ते पोचलं नाही. पुढे बोगदा जलरोधक काँक्रीटमध्ये नव्याने बांधला, बाहेर चर काढले आणि उष्णता सोडणारी यंत्रं बोगद्यातून हलवली. दालनं यंत्रांनी उणे १८ अंशांवर ठेवतात. नुसत्या डोंगराच्या थंडीवर भिस्त नाही, यंत्र बंद पडलं तर ती फक्त सवड देते. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमुगाचे वाण तिथे ठेवले आहेत. ठेवणाऱ्या संस्थेलाच ते परत काढता येतात.

प्रश्न : उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळला तर समुद्र किती चढेल?
— दहावीची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : तरंगत्या बर्फाने जवळजवळ काहीच नाही, तो आधीच आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून बसलेला असतो. चढतो तो जमिनीवरच्या बर्फाने. ग्रीनलँडचा सगळा वितळला तर सात मीटरहून जास्त. पण तरंगता बर्फ गेल्याचा फटका वेगळा आहे. शरद ऋतूतल्या वादळांत किनाऱ्यापुढे ढाल उरत नाही आणि लाटा थेट गोठलेली माती ओरबाडतात.

प्रश्न : १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातली गावं हलवली. तिकडेही अख्खी गावं हलवतात का?
— निवृत्त ग्रामसेवक, औसा

उत्तर : हलवतात, पण फार सावकाश. अलास्कातलं न्यूटॉक हे युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव नदीने खात आणलं होतं. जवळपास १४ किलोमीटरवरच्या मर्टार्विकची जागा अदलाबदलीत देणारा कायदा २००३ साली झाला, पहिली कुटुंबं तिथे राहायला गेली ती २०१९ मध्ये. आधी बोटी लागायचा धक्का करावा लागला, कारण सामान आणायला रस्ताच नाही. किल्लारीशी मोठा फरक मदतीच्या नियमांत आहे. भूकंप एका रात्रीत होतो, म्हणून आपत्ती ठरतो. काठ वर्षाला थोडाथोडा खचतो, तो आपत्तीच्या व्याख्येत सहज बसत नाही आणि पैसा अडतो. शिवाय गाव हलणार असं ठरलं की जुन्या शाळेच्या, पाण्याच्या दुरुस्तीला कुणी निधी देत नाही. अलास्कातल्याच शिशमारेफच्या गावकऱ्यांनी २०१६ मध्ये हलायच्या बाजूने मत दिलं, पण त्यांचं गाव अजून जुन्याच बेटावर आहे.